तीस इंची टेबल : लातूर आणि नांदेडच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, लातूर शहर महानगरपालिका,
मा. आयुक्त, नांदेड-वाघाळा शहर महानगरपालिका,
तसेच दोन्ही शहरांतील अभ्यासिका आणि शिकवणी वर्गांचे चालक

विषय : अभ्यासिकांतील टेबल, खुर्ची आणि उजेड

लातूर-नांदेडमध्ये नीटची तयारी करणारा विद्यार्थी दिवसातले दहा-बारा तास खुर्चीवर असतो. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज किंवा पुन्हा क्लास, संध्याकाळी टेस्ट आणि रात्री अकरापर्यंत अभ्यासिका. रिपीटर बॅचमधल्यांना कॉलेज नसते, तेव्हा तोही वेळ अभ्यासिकेतच जातो. एमपीएससीची, तलाठी भरतीची, बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली त्याच हॉलमध्ये पलीकडच्या कप्प्यांत बसलेली असतात. लातूरचा उद्योग भवन परिसर असो की नांदेडचे श्यामनगर, बाबानगर, भाग्यनगर, इमारतीगणिक एखादा मजला तरी अभ्यासिकेचा निघतो. उदगीर, अहमदपूर, निलंगा, मुखेड, देगलूर, किनवटहून आलेले आई-वडील प्रवेश घेताना फीची, मेसची, रूमभाड्याची, बाथरूमची, वायफायची चौकशी करतात. टेबल किती उंच आहे हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न या दोन शहरांत इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, कारण इथली सारी शिक्षणपद्धती बैठकीवर उभी आहे. लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांत रुजलेल्या ‘लातूर पॅटर्न’चा गाभा सराव हाच होता. जादा तास, एकामागून एक चाचण्या, उत्तरपत्रिकांची बारकाईने तपासणी आणि पुन्हा लेखन. प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्यानंतर प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात ही शिस्त नावारूपाला आली. आज परीक्षा बदलल्या, बोर्डाच्या गुणवत्ता यादीची जागा नीटच्या ७२० गुणांनी घेतली, पण ‘बैठक वाढवा’ हा शिक्षकांचा सल्ला तोच राहिला. बैठक वाढली. ज्यावर बसायचे ते मात्र सुधारले नाही.

अभ्यासिकेचे फर्निचर कसे तयार होते ते पाहिले की दोष कुठे शिरतो ते कळते. हॉल भाड्याने घेतला की मिस्त्री येतो. तो टेपने भिंतीची लांबी मोजतो, ती दोन फुटांनी भागतो, आणि जितके कप्पे निघतील तितके विद्यार्थी ठरतात. प्लायची उभी पार्टिशने लागतात, त्यांच्यात दीड फूट खोलीची फळी बसते, वर पुस्तकांसाठी कप्पा, खाली कुलपाचा ड्रॉवर. फळीची उंची विचारायची गरजच पडत नाही, कारण ‘टेबल तीस इंची’ हे मिस्त्रीच्या हातात बसलेले आहे. मग घाऊक बाजारातून मोल्डेड प्लास्टिकच्या खुर्च्या येतात. त्यांची बैठक जमिनीपासून साधारण सतरा इंचांवर असते. टेबल भिंतीच्या मापाने, खुर्ची बाजारभावाने. बसणाऱ्या शरीराचे माप या व्यवहारात कुठेच घेतलेले नाही.

माणूस उभा असताना कमरेच्या मणक्यांना आतल्या बाजूने एक नैसर्गिक बाक असतो. खुर्चीवर बसले की मांड्या वर येतात, कटी मागे कलते आणि हा बाक सपाट होतो. पुढे वाकून लिहायला लागले की तो उलटा होतो. मणक्यांमधल्या चकत्या तेव्हा पुढच्या कडेला दाबल्या जातात आणि मागच्या कडेला ताणल्या जातात. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नॅकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसाच्या कमरेच्या चकतीत सुई घालून हा दाब प्रत्यक्ष मोजला. आधाराशिवाय बसल्यावर तो उभे असण्यापेक्षा वाढतो आणि पुढे वाकल्यावर आणखी वाढतो, असे त्यांना आढळले. नंतरच्या मोजण्यांत बसणे आणि उभे राहणे यांतला फरक इतका मोठा दिसला नाही, पण पुढे वाकून बसल्यावर दाब वाढतो यावर दुमत नाही. मानेचेही तेच. डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो असते. मान सरळ असेल तर मणके ते सहज पेलतात. मान जसजशी पुढे झुकते तसतसे मानेमागच्या स्नायूंना ते वजन दोरी ताणून धरल्यासारखे ओढून धरावे लागते. न्यूयॉर्कचे मणक्यांचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली गणिती प्रतिमान मांडले. त्यानुसार मान ६० अंशांत झुकली की मानेवरचा भार २७ किलोंच्या आसपास जातो. फळीवर सपाट ठेवलेल्या पुस्तकात किंवा मांडीवरच्या मोबाइलमध्ये पाहणाऱ्याची मान जवळजवळ तितकीच झुकलेली असते.

यावर उपाय म्हणून ‘ताठ बसा’ असे सांगितले जाते. हा सल्ला निरुपयोगी आहे. चुकीच्या मापाच्या टेबल-खुर्चीवर कोणीही वीस मिनिटांपेक्षा जास्त ताठ बसू शकत नाही. स्नायू थकतात आणि शरीर जिथे टेकू मिळेल तिथे कलते. टेबल-खुर्ची नीट असेल तर ताठ बसण्याची आठवण करून द्यावी लागत नाही.

नीट बसवलेल्या जागेसाठी शरीराची दोनच मापे पुरतात. ती घ्यायला शिंप्याची टेप आणि एक सपाट बाक लागतो. विद्यार्थ्याने अनवाणी बाकावर बसावे, पावले जमिनीवर सपाट टेकवावीत. गुडघ्यामागच्या लवणीपासून जमिनीपर्यंतचे अंतर हे पहिले माप, त्यावरून खुर्चीची उंची ठरते. मग खांदे सैल सोडून कोपर काटकोनात दुमडावे. कोपराच्या खालच्या टोकापासून बाकाच्या बैठकीपर्यंतचे अंतर हे दुसरे माप, त्यावरून टेबलाची उंची ठरते. लिहायची पातळी कोपराच्या पातळीपेक्षा इंच-दीड इंच वर असावी. त्याहून वर गेली तर खांदे उचलावे लागतात, खाली गेली तर पाठ वाकते.

‘अनवाणी’ हे मुद्दाम लिहिले आहे. बहुतेक अभ्यासिकांत चपला-बूट दाराबाहेरच्या रॅकमध्ये ठेवावे लागतात. फर्निचरच्या छापील मापांत बुटाच्या टाचेसाठी इंचभर उंची धरलेली असते. अभ्यासिकेत तो इंच मिळत नाही.

आता पाच फूट उंचीची मुलगी सतरा इंची खुर्चीवर आणि तीस इंची टेबलापाशी बसवून पाहावी. तिच्या गुडघ्यामागचे माप साधारण पंधरा इंच भरते. म्हणजे पावले दोन इंच अधांतरी राहतात. ती एकतर खुर्चीच्या पुढच्या कडेवर सरकून चवडे टेकवते किंवा पाय खुर्चीखाली दुमडून घेते. कडेवर सरकली की पाठीचा टेका सुटला. पाय लोंबकळत ठेवले तर खुर्चीची कड मांडीखाली रुतते, रक्तप्रवाह अडतो आणि तासाभरात पायांना मुंग्या येतात. वरच्या अंगाची स्थिती याहून वाईट. तिचे कोपर बैठकीपासून साधारण आठ इंचांवर असते. लिहायची पातळी साडेनऊ इंचांवर हवी, पण टेबल आणि खुर्ची यांतला फरक तेरा इंचांचा आहे. साडेतीन इंच जास्त. ते भरून काढायला ती दोन्ही खांदे उचलून कानांजवळ नेते आणि रात्री अकरापर्यंत तशीच लिहीत राहते. रूमवर गेल्यावर मान आणि खांद्याच्या मधला भाग दगडासारखा लागतो, मैत्रीण बाम चोळून देते, आणि दोघीही त्याला अभ्यासाचा ताण समजतात.

पावणेसहा फूट उंचीच्या मुलाची गत थोडी बरी. सतरा इंचांची खुर्ची त्याला योग्य बसते, पण त्यालाही टेबल दोनेक इंच उंच पडते. तीस इंची टेबल कुणाच्याच मापाचे नाही. ते पाश्चात्त्य देशांतल्या उंच, बूट घातलेल्या माणसाच्या कार्यालयातून आले आणि इथे रूढ झाले. भारतीय शरीरांची मापे उपलब्ध नाहीत असेही नाही. देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापांचे संकलन अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ सालीच प्रसिद्ध केले. भारतीय मानक ब्युरोचे वर्गातल्या टेबल-खुर्च्यांसाठी वेगळे मानक आहे. ही माहिती मिस्त्रीपर्यंत पोहोचलेली नाही, आणि ती पोहोचवणे हे मिस्त्रीचे काम नव्हे.

हिशेब केला तर दोनच आकार पुरतात. सोळा इंच बैठकीची खुर्ची आणि सव्वीस इंची टेबल ही एक जोडी, सतरा इंच बैठकीची खुर्ची आणि अठ्ठावीस इंची टेबल ही दुसरी. पहिली साडेपाच फुटांखालच्यांसाठी, दुसरी त्यावरच्यांसाठी. मुलींच्या अभ्यासिकेत पहिल्या जोडीची संख्या जास्त असावी. टेबलाची उंची सहज दिसावी म्हणून कडेला रंगाची पट्टी लावली तर विद्यार्थी आपापली जागा स्वतःच निवडतात. वर-खाली होणारी टेबले उत्तमच, पण शंभर जागांच्या अभ्यासिकेत त्यांचे नटबोल्ट टिकत नाहीत आणि खर्चही परवडत नाही. दोन ठरावीक उंचींवर भर देणे शहाणपणाचे.

आधीच बसवलेल्या टेबलांसाठी नवे फर्निचर घ्यायची गरज नाही. चौकोनी लोखंडी पाइपचे पाय असतील तर वेल्डिंगवाला कटर लावून दोन इंच पाइप कापतो आणि खाली पुन्हा रबरी बूट बसवतो. प्लायची फळी असेल तर ती ज्या पट्ट्यांवर टेकली आहे त्या पट्ट्या दोन इंच खाली घेता येतात. एवढे केले की टेबल अठ्ठावीस इंचांवर येते. ठेंगण्या विद्यार्थ्यासाठी त्याच जागी दीड इंच जाडीची घट्ट गादी आणि साडेतीन इंच उंचीचा पायाखालचा पाट ठेवला की मापे जुळतात. पाट बसणाऱ्याकडे थोडा उतरता असावा आणि दोन्ही पावले पूर्ण मावतील इतका रुंद असावा. नुसती गादी देऊन पाट दिला नाही तर पाय आणखी लोंबतात, ही चूक सर्रास होते.

टेबलाखालचा ड्रॉवर काढून टाकावा. फळी खाली आणली की मांड्यांना मिळणारी जागा कमी होते, आणि चार इंचांचा ड्रॉवर नेमका तिथेच आडवा येतो. कुलपाचा कप्पा हवाच असेल तर तो दाराजवळच्या लॉकरमध्ये किंवा बाजूच्या पार्टिशनवर करावा. दोन फुटांची रुंदीही अपुरी आहे. नीटचा विद्यार्थी एका वेळी एनसीईआरटीचे पुस्तक, वही आणि प्रश्नसंच उघडतो. दोन फुटांत एक वस्तू दुसरीवर चढते, वही तिरपी होते आणि तिच्याबरोबर कणाही पिळतो. अडीच फूट रुंदी आणि दोन फूट खोली ही किमान गरज धरावी. खुर्ची मागे सरकवायला आणखी अडीच फूट. म्हणजे एका विद्यार्थ्याला सव्वाअकरा चौरस फूट लागतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत प्रत्येक विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा सांगितली आहे. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट, जवळपास तेवढेच. अभ्यासिकांनाही हाच निकष लावला तर कप्प्यांची संख्या कमी होईल, चालकांचे उत्पन्न काही प्रमाणात घटेल आणि महिन्याची फी थोडी वाढेल. ही वाढ मान्य करण्यासारखी आहे.

खुर्चीबद्दल बाजारात सर्वांत जास्त दिशाभूल होते. उंच पाठीची, रेक्झिनची, चाकांची ‘बॉस’ खुर्ची दिसायला भारदस्त असते, पण तिच्या पाठीचा आधार बहुतेकदा खांद्यांना मिळतो, कमरेला मिळत नाही. आधार बैठकीच्या वर सहा ते दहा इंचांच्या पट्ट्यात हवा, कमरेचा बाक तिथे असतो. गॅसवर वर-खाली होणारी खुर्ची घेताना ती किती वर जाते हे दुकानदार दाखवतो. पाहायचे असते ते ती किती खाली येते. पुष्कळ खुर्च्या सोळा-सतरा इंचांच्या खाली उतरतच नाहीत, आणि ठेंगण्या माणसाला तो गॅस काहीच कामाचा नाही. बैठकीची खोली पंधरा-सोळा इंचांपेक्षा जास्त नसावी. पाठ टेकवून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची लवण यांच्यात तीन बोटे सहज गेली पाहिजेत. हात टेकायचे दांडे टेबलाच्या फळीखाली जात असतील तरच ते असावेत. नाहीतर खुर्ची टेबलाला अडते, विद्यार्थी पुढच्या कडेवर येतो, आणि महागड्या पाठीचा उपयोग उरत नाही. ज्या अभ्यासिकेला अशी खुर्ची घेणे शक्य नाही तिने दांडे नसलेली खुर्ची ठेवावी आणि कमरेमागे बांधायला चार इंच जाडीचा, गुंडाळलेल्या टॉवेलसारखा लोड द्यावा. चाके लेखनाला अडचणीचीच ठरतात. हात जोर देतो तेव्हा खुर्ची मागे पळते.

शिकवणी वर्गांतल्या पॅडच्या खुर्च्यांबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. उजव्या हाताला लाकडी पॅड असलेल्या या खुर्चीवर विद्यार्थी तीन-चार तास सलग नोट्स उतरवतो. पॅड लहान असते, एका बाजूला असते, आणि सारे अंग उजवीकडे वळवून लिहावे लागते. डावखुऱ्या विद्यार्थ्याला तर उलट्या बाजूला पिळून लिहिण्याशिवाय इलाज नाही. केंद्राच्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांत वर्ग दिवसाला पाच तासांहून जास्त नसावेत असे म्हटले आहे. पाच तास म्हटले तरी ते या खुर्चीवर घालवणे शरीराला न्याय देणारे नाही. जुना लांब बाक आणि त्यापुढचे लांब टेबल यापेक्षा पुष्कळ बरे होते. ज्या वर्गांना पॅडच्या खुर्च्या बदलता येत नाहीत त्यांनी निदान दहातली एक खुर्ची डाव्या पॅडची मागवावी. अभ्यासिकांतली टेबले खाली घेताना चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मात्र एखादे तीस इंची, ड्रॉवर नसलेले टेबल तळमजल्यावर तसेच राहू द्यावे. त्याच्या चाकांच्या खुर्चीला ती उंची लागते.

टेबलाच्या उंचीनंतर सर्वांत जास्त फरक पाडणारी गोष्ट म्हणजे उतार. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक ए. सी. मँडल यांनी १९७०च्या दशकापासून शाळेतल्या सपाट टेबलांविरुद्ध आवाज उठवला. वाचायची-लिहायची पातळी विद्यार्थ्याकडे उतरती असावी आणि खुर्चीची बैठकही किंचित पुढे कललेली असावी, असा त्यांचा आग्रह होता. मराठवाड्याला हे नवे वाटू नये. पोथी कधीच जमिनीवर सपाट ठेवून वाचली गेली नाही, ती ठवणीवर ठेवली जाते. कुराण रेहालवर उघडले जाते. लातूरच्या आडत बाजारात गादीवर मांडी घालून बसणारा मुनीम पिढ्यान्‌पिढ्या उतरत्या लाकडी पेटीवर खतावणी लिहीत आला. अठरा इंच रुंद, पंधरा इंच खोल प्लायच्या फळीला मागच्या बाजूने चार इंचांचा टेकू दिला की पंधरा अंशांचा उतार मिळतो. खालच्या कडेला पाव इंचाची पट्टी मारली की पुस्तक घसरत नाही. ही फळी टेबलावर ठेवल्यावर लिहायची पातळी थोडी वर येते, म्हणून टेबल खाली घेण्याचे काम आधी आणि उताराचे नंतर. निव्वळ वाचनासाठी उतार याहून जास्त चालतो. अभ्यासिकेतल्या फळ्या सार्वजनिक ठेवाव्यात, कपाटातून घ्याव्यात, रात्री परत ठेवाव्यात. मानेचे दुखणे कमी करणारा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

मोबाइल आणि लॅपटॉपसाठीही हेच तत्त्व लागू पडते. रेकॉर्डेड लेक्चर पाहताना मोबाइल स्टँडवर, डोळ्यांच्या पातळीच्या थोडा खाली असावा. लॅपटॉप दोन जाड पुस्तकांवर ठेवावा आणि वेगळा कीबोर्ड जोडावा. पडदा हात लांब केल्यावर बोटे टेकतील इतक्या अंतरावर असावा. जेईई आणि राज्याची सीईटी संगणकावर होते, तेव्हा त्या विद्यार्थ्यांना पडद्यासमोर सराव करणे गरजेचेच आहे. नीट मात्र आजवर कागदावर, ओएमआर पत्रिकेवर होत आली आहे. तिच्या तयारीत लेखनाची जागा पडद्याच्या जागेपेक्षा मोलाची.

उजेड पुरेसा असण्याइतकेच तो कुठून येतो याला महत्त्व आहे. वाचनासाठी पुस्तकावर तीनशे ते पाचशे लक्स उजेड लागतो. मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपने त्याचा ढोबळ अंदाज येतो. बहुतेक अभ्यासिकांत छताच्या मधोमध ट्यूब असते आणि कप्पे भिंतीकडे तोंड करून असतात. त्यामुळे विद्यार्थ्याच्या डोक्याची सावली त्याच्याच वहीवर पडते. वरच्या पुस्तकांच्या कप्प्याची दुसरी सावली तिच्यात मिसळते. त्या कप्प्याच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेजवळ दुधी आवरणाची एलईडी पट्टी लावली की दोन्ही सावल्या जातात. पट्टीचा दिवा डोळ्यांना थेट दिसता कामा नये. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून मिळावा, डावखुऱ्याला उजवीकडून. फळीला चकचकीत पांढरा सनमायका लावू नये, त्यावरची चमक डोळे थकवते. फिक्या लाकडी रंगाचा, चमक नसलेला पृष्ठभाग बरा.

नीटची परीक्षा सहसा मेच्या पहिल्या आठवड्यात येते. शेवटची कसून तयारी म्हणूनच मार्च-एप्रिलमध्ये, पारा चाळिशीपार जाण्याच्या दिवसांत होते. त्या दिवसांत रेक्झिनची गादी पाठीला चिकटते, प्लास्टिकच्या बैठकीवर घाम साचतो आणि विद्यार्थी दर दोन मिनिटांनी जागा बदलत राहतो. जाळीच्या पाठीची, वेताची किंवा नवारीने विणलेली बैठक इथल्या हवेला योग्य. चार बाजूंनी बंद, पाच फूट उंचीच्या कप्प्यात पंख्याचा वारा पोहोचत नाही. पार्टिशन टेबलाच्या फळीपासून दीड फुटापेक्षा उंच नसावे, तेवढ्याने शेजाऱ्याची वही दिसत नाही आणि वारा अडत नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर दिव्यांबरोबर पंखेही चालले पाहिजेत.

ज्यांना अभ्यासिका परवडत नाही ते रूमवर कॉटवर बसून अभ्यास करतात, आणि कॉट ही अभ्यासाची सर्वांत वाईट जागा आहे. पाठीला आधार नाही, पुस्तक मांडीवर, मान पूर्ण झुकलेली. त्यापेक्षा जमीन चांगली. चार इंच जाडीची घडी घातलेली सतरंजी किंवा उशी बैठकीखाली घ्यावी, म्हणजे गुडघे कमरेखाली जातात आणि कमरेचा बाक टिकतो. पाठ भिंतीला टेकवावी, समोर बारा-तेरा इंच उंचीचा चौरंग आणि त्यावर उतरती फळी. मांडी घालायची सवय असलेल्या मुलामुलींना ही बैठक तासभर सहज जमते.

तासाभरानंतर मात्र कोणतीही बैठक सोडावीच लागते, मग ती कितीही नीट मापाची असो. चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब बदलत राहिला तरच त्यांच्यात पोषक द्रव ये-जा करतो. दर पाऊण तासाने दोन-तीन मिनिटे उठावे. अभ्यासिकेने यासाठी व्हरांड्यात किंवा मागच्या भिंतीला अडतीस ते एक्केचाळीस इंच उंचीवर एक लांब, उतरती फळी बसवावी. पाठांतर, उजळणी, सूत्रांची वही चाळणे ही कामे उभ्याने छान होतात. पाण्याचा जार हॉलबाहेर ठेवला तर प्रत्येक बाटली भरताना पाय मोकळे होतात. उठणाऱ्या विद्यार्थ्याकडे ‘बैठक नाही’ म्हणून पाहण्याची पद्धत आहे, ती चालकांनी आणि शिक्षकांनी सोडावी. पायात मुंग्या किंवा बधिरपणा, हातापर्यंत उतरणारी कळ, सकाळी उठतानाही न जाणारी कंबरदुखी ही लक्षणे असतील तर टेबल बदलून भागणार नाही. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथे अस्थिरोग विभागात दाखवावे.

महापालिकांकडून अपेक्षा मोठ्या खर्चाची नाही. सार्वजनिक निधीतून अभ्यासिका किंवा वाचनालय उभे राहते तेव्हा टेबल-खुर्च्यांची निविदा निघते. तिच्यात लाकडाची जात, पाइपची जाडी, पावडर कोटिंग यांचे तपशील असतात. त्यांत टेबलाची उंची, खुर्चीच्या बैठकीची उंची आणि खोली, मांड्यांसाठीची मोकळी जागा आणि वहीवरचा उजेड एवढे चार तपशील वाढवावेत. नमुना मंजूर करताना तो अधिकाऱ्यांच्या दालनात न पाहता अभ्यासिकेत न्यावा, पाच फुटांची मुलगी आणि पावणेसहा फुटांचा मुलगा त्यावर दोन तास बसवून लिहायला लावावेत, आणि मग सही करावी. मापे ठरवायला बाहेरचा सल्लागार नको. नांदेडमध्ये श्री गुरुगोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, लातूर आणि नांदेड दोन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतने आणि आयटीआय आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांकडून शहरातल्या हजार मुलामुलींची दोन मापे घेण्याचा प्रकल्प एका सत्रात पुरा होतो. कापायच्या पाइपांची आणि उतरत्या फळ्यांची कामेही आयटीआयच्या कार्यशाळेत होऊ शकतात.

नवी बॅच जूनमध्ये येते. तिच्या आधी दोन्ही आयुक्तांनी आपापल्या महापालिकेच्या अभ्यासिकांतली टेबले मोजून घ्यावीत, तीस इंची असतील तर अठ्ठावीस आणि सव्वीसवर आणावीत, आणि तीच मापे एका पानावर छापून शहरातल्या प्रत्येक खासगी अभ्यासिकेला आणि शिकवणी वर्गाला पाठवावीत. चालकांनी पाइप कापायला पुढच्या वर्षीची वाट पाहू नये. आणि प्रवेश घ्यायला आलेल्या आई-वडिलांनी फी भरण्यापूर्वी आपल्या मुलाला किंवा मुलीला त्या खुर्चीवर बसवून, वही उघडून, एक पान लिहायला सांगावे.